रचनेचा शेरा

मिरजेच्या यकृत केंद्रात नऊ नंबरची एक खोली होती, आणि त्या खोलीत सुनेत्रा मगदूमनं अठरा वर्षं लोकांना एकच प्रश्न विचारला.

खोली कसली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि पाण्याचा जग. दाराला आतून कडी. लिव्हरचा तुकडा द्यायला जो कुणी पुढं आलेला असेल त्याला सुनेत्रा एकट्याला आत घ्यायची. बरोबर आलेला गोतावळा, म्हणजे सासू, दीर, मामा, शेजारचे काका, सगळे बाहेरच्या बाकावर. "एकटीशी काय बोलायचंय?" असं कुणीतरी हमखास विचारायचंच. "नियम आहे," म्हणून सुनेत्रा दार लावून घ्यायची. समोरच्याला पाणी द्यायची, त्याचा श्वास खाली बसू द्यायची आणि मग म्हणायची, "इथलं बोलणं बाहेर जात नाही. तुम्हाला खरंच द्यायचंय का?"

बहुतेक जण हो म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे. माणसं वाईट नसतात, उगाच कुणी काही म्हणो. पण शंभरातले दोघं-तिघं टेबलाकडं बघत बसायचे आणि मग त्यांची मान हलायची. नाही.

त्या वेळी सुनेत्रा दोन गोष्टी पाळायची. एक, कारण विचारायचं नाही. कारण विचारलं की आपण समजूत घालायला लागतो, आणि समजूत घातली की नाहीचं हो व्हायला वेळ लागत नाही, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. दुसरी गोष्ट, त्या माणसाला मोकळं करायचं. "काळजी करू नका," ती म्हणायची. "तुमच्या लिव्हरची रचना जुळत नाही असं मी बाहेर सांगते. तुम्हाला कुणी शब्दानं बोलणार नाही." मग फाइलीवर लिहिलं जायचं, ‘रचना प्रतिकूल’, आणि खाली डॉक्टरांची सही व्हायची. केंद्रात त्याला रचनेचा शेरा म्हणत. होता खोटा, पण त्यानं कितीतरी बायकांचं घरातलं पान वाचवलं होतं.

आणि हे खोटं पचायचं का, तर ते पुष्कळदा खरंही असायचं म्हणून. लिव्हर बाहेरून सगळ्यांचं सारखंच, आतून मात्र ज्याचं त्याचं वेगळं. त्याला रक्त दोन वाटांनी मिळतं, एक आतड्याकडून येणारी पोर्टल शीर आणि दुसरी यकृताची धमनी. वापरलेलं रक्त वरच्या शिरांनी निघून जातं, पित्त बारीक नळ्यांनी खाली उतरतं. पुस्तकात या सगळ्याचं सुबक चित्र असतं. प्रत्यक्षात तीन माणसांतल्या एकाचं तरी त्या चित्राशी जमत नाही. कुणाची उजवी धमनी भलतीकडूनच फुटलेली असते, कुणाच्या पोर्टल शिरेला दोनाऐवजी तीन फाटे असतात. कुणाची उजव्या भागातली पित्तनळी डावीकडं जाऊन मिळते. असा उजवा भाग काढायला गेलं की एका नळीऐवजी दोन-तीन तोंडं हातात येतात, आणि ती जोडली तरी पित्त गळायची धास्ती राहते. हा माणूस जन्मभर जेवतो-खातो, भांडतो, म्हातारा होतो, त्याला याचा पत्ताही नसतो. कुणाला तरी अर्धं लिव्हर द्यायची वेळ आली की तेवढा पत्ता लागतो.

त्यामुळं ‘रचना जुळत नाही’ म्हटलं की बाहेरच्या बाकावरचे लोक गप्प बसत. जन्मजात घडणच तशी, त्याला कोण काय करणार?

मग केंद्रात ‘आराखडा’ आला.

आराखडा म्हणजे दोन कपाटांएवढं यंत्र. दात्याची चित्रं आत घातली की ते त्याचं लिव्हर पडद्यावर उभं करी, आणि नुसतं उभं नाही, चालतं. रक्त वाहतंय, पित्त झिरपतंय. मग ते त्या लिव्हरवर सुरी चालवून बघे. तासाभरात चाळीस हजार वेळा, दर वेळी केसाएवढी जागा बदलून. कुठं कापलं तर दात्याला पुरेसं उरेल, कुठं रक्त तुंबेल, उरलेला भाग दोन महिन्यांत किती वाढेल, सगळं सांगे. आणि जे जोडताच येत नाही त्यासाठी शेजारचं छोटं यंत्र रोग्याच्याच पेशींपासून नळी तयार करी, शिंप्याला माप देऊन बाही शिवून घ्यावी तशी. अकरा दिवसांत नळी हजर.

केंद्राच्या मुख्य सर्जन डॉ. यास्मिन मुजावर. पहिल्या तीन शस्त्रक्रिया पार पडल्यावर त्यांनी सुनेत्राच्या हातावर पेढा ठेवला. "आता प्रतिकूल रचना नावाचा प्रकारच उरला नाही बघ. कितीही तिरपागडी असू दे. किती माणसं आपण हात चोळत घरी पाठवली असतील!"

सुनेत्रानं पेढा खाल्ला. तिलाही खरोखर आनंद झाला होता. वाचणारी माणसं तिनंही मोजली होती आणि न वाचलेलीही.

महिन्याभरानं कवठेमहांकाळहून एकोणीस वर्षांची एक मुलगी बापासाठी आली. नऊ नंबरच्या खोलीत तिची मान हलली. सुनेत्रा सवयीनं "काळजी करू नका" म्हणाली आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. आराखड्याचा अहवाल तोवर बाहेरच्या सगळ्यांच्या फोनवर गेला होता. लपवाछपवी नको म्हणून तशी सोयच होती. सुनेत्रानं बाहेर येऊन काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, तर मुलीच्या चुलत्यानं फोन तिच्यासमोर धरला. "मॅडम, मशीन तर योग्य म्हणतंय की." आठवड्यानं मुलगी टेबलावर गेली. बाप वाचला, मुलगीही सुखरूप घरी गेली. जाताना तिनं सुनेत्राकडं बघितलं नाही.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी सुनेत्रानं ते सोसलं असतं. पण आराखड्याला शिकवायचं म्हणून केंद्रानं अठरा वर्षांची जुनी चित्रं आणि जुने शेरे त्याच्यात भरले. एका सोमवारी सकाळी यास्मिनबाईंनी तिला बोलावून घेतलं आणि आधी दार लावलं.

"एकेचाळीस फाइली बसत नाहीत म्हणतोय."

पडद्यावर एकेचाळीस नावं होती. प्रत्येकापुढं एकच ओळ: चित्रात दोष आढळला नाही. शेरा कशाच्या आधारे?

 सुनेत्राला नावं वाचायची गरजच नव्हती. "काढून टाकू या की त्या," ती म्हणाली.

"काढता आल्या असत्या तर तुला बोलावलं असतं का मी? नोंद राज्याच्या आरोग्य खात्यात गेलीये. नवा कायदा तुला माहीत आहे. शेरा चुकीचा निघाला की दहा दिवसांत कारण भरायचं, आणि दुरुस्त अहवाल दात्याला आणि रोग्याच्या वारसाला आपोआप जातो."

"आणि कारण भरलंच नाही तर?"

"तर ‘दाता योग्य होता, नाकारण्याचं कारण उपलब्ध नाही’ असा जाईल. लोक काय दूधखुळे आहेत? लिव्हर चांगलं होतं आणि शेरा खोटा होता, म्हटल्यावर नाही कोण म्हणालं हे घरातल्या शेंबड्या पोरालाही कळेल."

सुनेत्रा त्या यादीकडं बघत राहिली. त्यात सासूला द्यायला नाही म्हणालेली सून होती, आणि ती आजही त्याच घरात होती. बायको नुकतीच गरोदर आहे हे कुणाला न सांगितलेला धाकटा भाऊ होता. पट्ट्यानं मारणाऱ्या नवऱ्याला वाचवायला आणलेली एक बाई होती. आणि सतराव्या ओळीवर नाव होतं, त्रिशला भरतेश मगदूम.

भरतेश सुनेत्राचा थोरला भाऊ. ती त्याला आण्णा म्हणायची. त्रिशला तिची वहिनी.

आण्णानं आयुष्यात दारूचा थेंब शिवला नव्हता, तरी सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याचं लिव्हर चरबीनं आटलं. रक्तगट ओ. सुनेत्राचा बी, म्हणजे ती देऊ शकत नव्हती. आई बहात्तर वर्षांची, मुलगा पार्श्व तेरा वर्षांचा. उरली वहिनी. तिचा रक्तगट ओ, तब्येत ठणठणीत. केंद्रात तेव्हा सुनेत्रा एकटीच समन्वयक होती. खरं म्हणजे घरच्या माणसाला तिनं आत घ्यायलाच नको होतं. सांगलीहून कुणाला तरी बोलवायला हवं होतं. पण आण्णाला दिवस फार नव्हते, आणि वहिनी हो म्हणणार याबद्दल तिच्या मनात तिळाएवढी शंका नव्हती. तिनंच दार लावलं, तिनंच पाणी दिलं आणि प्रश्न विचारला.

वहिनींनी ग्लास दोन्ही हातांनी धरला होता. "तुम्ही नणंद म्हणून विचारताय का मॅडम म्हणून?"

"मॅडम म्हणून."

"मग नाही."

बाहेरच्या खाटेवर पिवळा पडलेला भाऊ होता. सुनेत्राच्या ओठांवर ‘का?’ आलं होतं. तिनं ते गिळलं. दुसऱ्या कुणाला विचारलं नसतं, तर हिलाही विचारायचं नाही. ती उठली, बाहेर गेली, आणि आईला, पार्श्वला, सगळ्यांना तिनं सांगितलं की वहिनींच्या पित्तनळीची ठेवण जुळत नाही.

आण्णानं तिचा हात धरून म्हटलं होतं, "सुने, परत एकदा तपास की. मशीनची चूक असेल एखादी."

"तपासलं, आण्णा. दोनदा तपासलं."

मेंदू थांबलेल्या कुणाचं तरी लिव्हर मिळेल म्हणून नाव नोंदवलं होतं. ते मिळालं नाही. चोविसाव्या दिवशी आण्णा गेला.

नऊ वर्षं झाली त्याला. सुनेत्राचं लग्न झालेलं नव्हतं, तिला जे काही घर होतं ते जयसिंगपूरचं. दर रविवारी ती तिथं जायची. वहिनी तिला वाढायच्या, आई दुखण्यांचा पाढा वाचायची, पार्श्व ‘आत्या, आत्या’ करत मागं फिरायचा. तो विषय दोघींनी पुन्हा कधी काढला नाही. आणि खोटं कशाला बोला, कित्येकदा वहिनींच्या हातची भाकरी सुनेत्राच्या घशाखाली उतरायची नाही. हिनं एक शब्द वेगळा उच्चारला असता तर भाऊ समोर बसला असता, असं वाटून तिला वहिनींचा संताप यायचा, आणि मग स्वतःचा.

आठवा दिवस उजाडला तेव्हा ती यास्मिनबाईंच्या खोलीत गेली.

"कारण भरते मी. समन्वयकाच्या वाचनातील चूक. एकेचाळीसही ठिकाणी."

यास्मिनबाईंनी चष्मा काढला. "वेडी आहेस का? याचा अर्थ कळतो का तुला? लोक म्हणतील, हिच्या हलगर्जीपणानं आमचं माणूस गेलं. तुझा परवाना जाईल. कोर्टात खेचतील तुला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच."

"यात चोर कुणीच नाही, बाई. त्यांनी नाही म्हटलं, आणि आपण त्यांना शब्द दिला होता. माझ्या तोंडानं दिला होता."

"सह्या माझ्या आहेत प्रत्येक शेऱ्यावर. निम्मं माझ्यावर घे."

"तुमच्या हातांची अजून गरज आहे इथं. मी काय, कागदच लिहायची." मग ती म्हणाली, "एक खोटं झाकायला दुसरं बोलतेय, हे मला कळतंय. पण दुसरा रस्ता दिसत नाही."

 "तुझी वहिनी आहे त्यात," यास्मिनबाई म्हणाल्या.

"हो."

"तुझ्या आईला वाटेल की पोटच्या पोरीच्या चुकीनं मुलगा गेला."

"वाटू दे," सुनेत्रा म्हणाली. मग ती उठली आणि पाणी प्यायली.

त्या दुपारी तिनं एकेचाळीस वेळा तेच वाक्य भरलं. आराखड्यानं प्रत्येक वेळी ते मुकाट्यानं स्वीकारलं. यंत्राला काय, कारण मिळाल्याशी मतलब. तेही तसं खोटं बोलत नव्हतं, त्याला फक्त नळ्या आणि शिरा कळत होत्या.

शनिवारी अहवाल गेले. रात्र पडायच्या आतच फोन सुरू झाले. एक बाप नुसताच रडला. एकानं आईबहिणीवरून शिव्या दिल्या. त्या पट्ट्याच्या घरातली बाई तेवढी हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही का असं केलंत?" आणि उत्तराची वाट न बघता तिनं फोन ठेवला.

रविवारी दुपारी पार्श्वचा फोन आला. "आत्या, घरी ये. आत्ताच्या आत्ता."

विजेच्या एसटीनं मिरज ते जयसिंगपूर अर्धा तास. त्या अर्ध्या तासात सुनेत्रानं उत्तरं पाठ केली. घरात शिरली तेव्हा चार वाजले होते. आई सोप्यात खुर्चीत बसली होती, वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होत्या. बावीस वर्षांचा पार्श्व मधोमध उभा होता, हुबेहूब आण्णासारखा.

"हे काय आहे?" त्यानं फोन पुढं केला. "आईचं लिव्हर योग्य होतं. समन्वयकाच्या वाचनातल्या चुकीमुळं नाकारलं. समन्वयक म्हणजे तूच ना?"

"हो."

"पप्पा वाचले असते?"

"वाचला असता. बहुतेक."

"बहुतेक!" पार्श्व ओरडला. "नऊ वर्षं या घरात येऊन जेवतेस तू, आणि तुला फाइल वाचता येत नव्हती?"

"सुनेत्रा," आई खुर्चीतून म्हणाली, "अगं, सगळ्या जगाच्या फाइली बघतेस. आपल्याच भावाची नीट बघितली नाहीस?"

"चुकले, आई."

पार्श्व वळला आणि त्यानं दारातल्या आपल्या आईला मिठी मारली. "तू तयार होतीस. तू कापून घ्यायला तयार होतीस, आई, आणि हिनं..."  एवढा थोराड मुलगा हुंदके देऊन रडत होता. वहिनींचे हात मात्र खालीच होते. त्यांचा चेहरा त्याच्या खांद्यावरून सुनेत्राला दिसत होता आणि त्यावर सुटकेचं काही चिन्ह नव्हतं.

"सोड मला, पार्श्व," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही काही बोलू नका," सुनेत्रा घाईनं म्हणाली.

"का बोलू नको?" वहिनींनी मुलाला बाजूला केलं. सुनेत्रानं त्यांना आजवर असं चिडलेलं बघितलं नव्हतं. "त्या खोलीत सगळ्या दुनियेला विचारता. द्यायचंय का, खरंच द्यायचंय का. हे लिहिताना मला विचारलंत?"

 एकेचाळिसातल्या एकालाही सुनेत्रानं विचारलं नव्हतं. विचारायला हवं, हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"आता माझ्या पोरानं मला जन्मभर देवी म्हणून पुजायचं, आणि मी ते बघत बसायचं? नाही जमणार मला." वहिनी पार्श्वकडं वळल्या. "आत्याची चूक नाही काही. मी नाही म्हटलं होतं. तुझ्या पप्पांना द्यायला मी नाही म्हटलं, आणि आत्यानं मला झाकलं. तेव्हाही आणि आत्ताही."

पार्श्व दोन पावलं मागं सरला आणि भिंतीला टेकला. त्यानं आईकडं बघितलं, आत्याकडं बघितलं, आणि मागच्या दारानं परसात निघून गेला.

सोप्यात तिघीच राहिल्या. आई वहिनींकडं बघत होती. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, पण नजर पक्की.

"त्रिशला," ती म्हणाली, "तुझं अंग, तुझा जीव. तुला दोष द्यायला मी कोण? पण चार दिवस मला तुझ्याशी बोलवणार नाही. तेवढं सोस." मग तिनं मान वळवली. "पण तू, सुनेत्रा. तू माझ्या पोटची. तो गेला त्या दिवशी मी तुला विचारलं होतं, काहीच का गं करता आलं नाही? माझा हात हातात घेऊन तू म्हणालीस, आई, घडणच तशी होती. नऊ वर्षं मी माझ्या सुनेच्या घडणीला रडले. तुझ्या खोलीचा नियम तुला मोठा, आई मोठी नाही."

"आई, मी..."

"जा तू आता. मी बोलवेन तेव्हा ये." आणि मग वहिनींना, तिकडं न बघताच, "ताट कर. दिवस मावळायच्या आत जेवू दे मला."

सुनेत्रानं चपला घातल्या. अंगण ओलांडून ती फाटकाशी आली तेव्हा मागून पावलं वाजली. वहिनी होत्या.

"ताई, उद्या माझी नोंद बदलून घ्या. जे झालं तेच लिहा. बाकीच्यांचं काय करायचं ते त्यांना विचारून करा."

"विचारते," सुनेत्रा म्हणाली. फाटकाची कडी काढायला तिनं हात पुढं केला, पण कडी काढली नाही. आता ती कुणाची मॅडम नव्हती. परवाना राहणार नव्हता, खोली राहणार नव्हती. "वहिनी, का नाही म्हणालात?"

वहिनींनी पदर तोंडाशी नेला. त्या बोलल्या तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"किती वर्षं वाट बघितली मी या प्रश्नाची. आज विचाराल, उद्या विचाराल. काहीतरी मोठं कारण सांगावं म्हणून शोधत बसायचे. पोर लहान होतं हे सांगावं का, दोघंही टेबलावर गेलो असतो तर घर कुणी बघितलं असतं हे सांगावं का. पण तसं काही नव्हतं, ताई. मला भीती वाटली. नुसती भीती. पोट फाडतील, आणि मी परत उठणार नाही." त्यांनी पदर सोडला. "आणि ती गेली."

"कोण?"

"भीती. रोज त्यांना बघत होते ना. दिवसेंदिवस पिवळे पडत चालले होते. विसाव्या दिवशी मी केंद्राच्या दारापर्यंत आले होते. एकटी, कुणाला न सांगता. तुम्हाला हो म्हणायला."

सुनेत्राचा हात कडीवरच राहिला. "मग आत का नाही आलात?"

"येऊन सांगू काय? रचना जुळत नाही म्हणून सगळ्यांना सांगून झालं होतं तुमचं. त्यांनाही सांगून झालं होतं." वहिनींचे डोळे भरून आले. "मन बदललं म्हणता आलं असतं, ताई. रचना काय वीस दिवसांत बदलते का कुणाची?"

सुनेत्रा फाटकाशीच खाली बसली. तिला भाऊ आठवत होता, परत एकदा तपास म्हणणारा, आणि ती मोठ्यानं रडायला लागली. वहिनी तिच्याशेजारी मातीत बसल्या. आतून आईनं "त्रिशला" म्हणून हाक मारली, पुन्हा मारली, पण दोघींपैकी कुणाला उठता आलं नाही.